पाच खंडेनवम्या

मानसिंगराव : हे काय आणून ठेवलंस माझ्यापुढं?

मल्लप्पा : पासपोर्ट हाय की, साहेब.

मानसिंगराव : पासपोर्ट! मला वाटलं, देव्हाऱ्यातली पोथी उचलून आणलीस. कव्हरवर हळद, वर कुंकू, आणि हे बघ, अक्षतासुद्धा चिकटल्यात. भारत सरकारचं पुस्तक आहे का लग्नातला पाट?

ईरप्पा : खंडेनवमीला पूजंला ठिवतो आमी. हत्यारासंगं.

मानसिंगराव : तुम्हाला विचारलं का? तुम्ही कोण?

ईरप्पा : ह्येचा बाप. ईरप्पा. तीस वर्सं मिलात लूमवर हुतो. ह्यो पासपोर्ट काडला तवा तुमीच पोलिसाकडनं चौकशीला आला हुता की आमच्या घरला. चा पिला हुता.

मानसिंगराव : अर्ध्या सोलापूरच्या घरी मी चौकशीला गेलोय आणि अर्ध्या सोलापूरचा चहा प्यालोय. आता रिटायर झालो, कचेरीसमोर ह्या लिंबाखाली टाइपरायटर घेऊन लोकांचे फॉर्म भरतो, तर जो येतो तो चहाची आठवण काढतो. जसं काही अमृतच पाजलं होतं. पाणचट चहा, वर गुळाचा!

ईरप्पा : दोन कप पिला हुता.

मल्लप्पा : आप्पा, गप बसा की जरा. साहेब, लई घाई हाय. कुवेतला एका कापडाच्या कारखान्यात मला लूम-फिटर म्हणून घेतलंय. हे त्यांचं पत्र. पासपोर्टवर कुवेतचं नाव चढवून पायजे, त्याबिगर जाऊ देत न्हायत. त्याचा फॉर्म भरून द्या. पंचवीस तारखेच्या आत पासपोर्ट मुंबईला एजंटच्या हातात पडला न्हाय, तर माझी जागा दुसऱ्याला देणार हायत.

मानसिंगराव : आज तीन तारीख. आणि साहेबांना आता जाग आली.

मल्लप्पा : पत्रच काल आलं.

मानसिंगराव : पत्र वाचलंस का?

मल्लप्पा : वाचलं की. मॅट्रिक झालोय.

मानसिंगराव : हो का! मग मॅट्रिकसाहेब, चौथी अट काय आहे ती सांगा.

मल्लप्पा : तितं पोचल्यापासनं पुढं सहा महिने पासपोर्ट चालू पायजे.

मानसिंगराव : चालू म्हणजे?

मल्लप्पा : मंजे... मुदत संपलेली नको.

मानसिंगराव : आणि तुझी मुदत कधी संपते?

मल्लप्पा : आत लिवलं असंल की.

मानसिंगराव : 'असंल की'! ऐका हो, ऐका! गडी विमानात बसायला निघाला, आणि पासपोर्टात काय लिहिलंय ते म्हणे 'असंल की'. अरे, पाच वर्षांत हे पुस्तक एकदा तरी उघडून बघितलंस का नाही?

मल्लप्पा : ते ट्रंकेत असतं. ट्रंकेची किल्ली आप्पांच्या करदोड्याला. खंडेनवमीला तेवढं बाहेर काढतात. एकदा पाटावर मांडून पूजा झाली की दुसऱ्या दिवसापत्तोर कोण हात लावत न्हाय. दसऱ्याला परत ट्रंकेत.

मानसिंगराव : म्हणजे वर्षातनं एकच दिवस बाहेर, आणि तो पण हात न लावायचा. कमाल आहे तुमची! सरकारनं फिरायला पुस्तक दिलं, तुम्ही त्याचा देव केलात. आणि हत्यारांत ते कसं आलं? पासपोर्टनं काय खिळे ठोकता काय?

ईरप्पा : ज्याच्यावर पोट भरायचं ते हत्यार. माजा लूमवरचा धोटा हुता पाटावर, तीस वर्सं. रिटायर झाल्यावर मिलवाल्यांनी त्यो बी ठिवून घेतला. मंग ऱ्हायला ह्येचा पाना, ह्येची पक्कड, आन् ह्ये पुस्तक. ह्येची आई नागव्वा म्हनली, पोरगं ह्येच्यावरच कमवनार, ह्ये बी ठिवा.

मानसिंगराव : कमावलं मग काय?

ईरप्पा : काय कमवतंय! इतोपियाला जानार हुतं. नाव घ्यायला जीब वळत न्हाय, आन् ह्ये तितं लूम जोडाय निगालं हुतं. हितं घरच्या बाजंचं सुंब धड आवळता येत न्हाय.

मल्लप्पा : मी गेलो न्हाय ते बाजेपायी न्हाय, आप्पा. तवा तुमी म्हणालात, बहिणीचं लगीन हू दे. ते झालं तर म्हणालात, औंदा ग्रह वाईट हायत. मग अव्वा आजारी पडली. आपल्या गल्लीतला बाळासो गेला की तवाच इथिओपियाला. त्याला दोन पोरं झाली तितं.

ईरप्पा : काळी का गोरी?

मल्लप्पा : बघा साहेब, हे असं बोलणं!

मानसिंगराव : ए, घरची धुणी घरी धुवा. इथं माझा टाइपरायटर भिजायला नको. आण ते पुस्तक इकडं. नाव, मल्लप्पा ईरप्पा. जन्म, दुधनी, तालुका अक्कलकोट. दिल्याची तारीख, बारा जानेवारी त्र्याहत्तर. मुदत... अरे! हे काय थापलंय इथं?

मल्लप्पा : काय झालं?

मानसिंगराव : हे बघ. डोळे उघडून बघ. 'इथपर्यंत चालेल' असं छापलंय, आणि पुढं तारखेवर भस्माचे पट्टे! एक, दोन, तीन. शंकराच्या कपाळाला ओढावेत तसे. वर हे असे, आणि खाली तारीख बेपत्ता.

मल्लप्पा : आईशप्पत, मला ठाऊक न्हाय साहेब.

ईरप्पा : नागव्वानं लावलं असंल. बाईमानूस, तिला काय कळतंय, कुटं लावायचं आन् कुटं न्हाय.

मानसिंगराव : बायकोचं नाव पुढं करून मोकळे! कुठाय ती नागव्वा? बोलवा तिला. मी विचारतो.

मल्लप्पा : अव्वा गेली, साहेब. दीड वर्स झालं.

मानसिंगराव : काय?

मल्लप्पा : गेल्या साली उन्हाळ्यात गेली.

मानसिंगराव : अस्सं. थांब, थांब. कुणी हलू नका. हे कव्हर बघू. कुंकवाचे ठिपके किती? एक, दोन, तीन. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. तीन खंडेनवम्या. हे तुझ्या आईचे. बरोबर?

मल्लप्पा : व्हय. पूजा अव्वाच करायची.

मानसिंगराव : ती गेली, मग चौथ्या वर्षी कुंकू नाही. त्या जागी कव्हरवर हे भस्म. तांबडं बाईच्या हातचं, पांढरं बुवाच्या हातचं. हे पण बरोबर. माणसाला कुंकू लावायचं सुधरलं नाही, त्यानं आपल्या कपाळाचं भस्म लावलं. आता पाचवी खंडेनवमी ही परवाची, पंधरा दिवसांमागची. तिचं भस्म कव्हरवर का नाही? कव्हरवर जागा नव्हती? एवढं ऐसपैस कव्हर! पाचव्या वर्षी पुस्तक उघडलं, पान काढलं, ओळ हुडकली आणि बरोबर तारखेवर तीन बोटं ओढली. काय हो ईरप्पा?

ईरप्पा : पूजंला भस्म न्हाय लावायचं, मंग काय शाई लावायची?

मानसिंगराव : मी तीस वर्षं पोलिसात काढली. खिसेकापू बघितले, घरफोडे बघितले, सख्ख्या भावाला चोर ठरवणारे बघितले. पण मेलेल्या बायकोच्या अंगावर ढकलून मोकळा होणारा बहाद्दर आजच बघितला. लाज नाही वाटत?

मल्लप्पा : आप्पा, तुमी लावलं?

ईरप्पा : सुम्म कूड! गप बस म्हनलं ना. मला इंग्रजी येतंय व्हय रे? मला काय ठावं, कुटली ओळ कसली हाय?

मानसिंगराव : घ्या मग सिद्धेश्वराची शपथ. देऊळ इथनं हाकेवर आहे. तिकडं तोंड करा आणि म्हणा, मला ठाऊक नव्हतं.

मल्लप्पा : घ्या की, आप्पा.

मानसिंगराव : नाही घेत. बघ, आभाळाकडं बघतोय. जबाब नोंदवायची गरजच नाही.

मल्लप्पा : साहेब, ते ऱ्हाऊ द्या. माझ्या कामाचं काय ते सांगा. तारीख दिसत न्हाय मंजे काय होणार?

मानसिंगराव : होणार काय, तुझी वरात निघणार! तारीख दिसत नाही म्हणजे पुस्तक खराब. खराब पुस्तकावर मुंबईचा साहेब कुवेत चढवत नाही आणि मुदत वाढवत नाही. नवंच काढा म्हणणार. नवं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा माझ्यासारखा कुणीतरी चौकशीला तुझ्या घरी, पुन्हा तो पाणचट चहा. दोन महिने. तीन पण लागतील. पंचवीस तारखेला तुझ्या जागेवर दुसरा माणूस.

मल्लप्पा : संपलंच मग.

ईरप्पा : लई बरं झालं. तितं हाय काय? वाळू. प्यायला पानी न्हाय आन् सावलीला झाड न्हाय. कडक भाकरी आन् शेंगाचटनी सोडून वाळू चावाय निगाला हुता.

मल्लप्पा : माझं वय एकोणतीस झालं, आप्पा. हितं मिलात बदली कामगार म्हणून उभा ऱ्हातो. सकाळी भोंगा झाला की फाटकावर जायाचं, मुकादमानं बोट दाखवलं तर काम, न्हायतर माघारी. आठवड्यातनं तीन दिवस माघारी. तुमी घरात बसून विचारता, आज लवकर आला व्हय? गल्ली हसती माझ्यावर. आन् तुमी पण हसता.

ईरप्पा : मी कवा हसलो?

मल्लप्पा : रोज हसता. तोंड न्हाय हलवत, एवढंच. मला काय येत न्हाय, मी काय कामाचा न्हाय, हे ऐकतच मोठा झालो. मग मी जातो म्हणलं तर जाऊ का देत न्हाय? बिनकामाचा माणूस गेला तर जाऊ दे की!

मानसिंगराव : हे मात्र लाखातलं बोललास. उत्तर द्या, ईरप्पा. उठता कशाला? बसा. बरं, दाखवा ते पान पुन्हा. ह्यावर तेल आहे का?

ईरप्पा : भस्माला तेल कशाला? पान्यात कालवत्यात.

मानसिंगराव : म्हणजे वाळल्यावर झडतं. कुंकू असतं तर कायमचं बसलं असतं. भस्म निघेल. जपून पुसलं तर खालची शाई शाबूत राहील. आण, मी... नाही. मी कशाला? ज्याचे पट्टे त्यानं पुसायचे. ईरप्पा, घ्या हातात.

ईरप्पा : मी न्हाय.

मानसिंगराव : पान फाटलं तर तुमच्या मनासारखंच होईल. घाबरता कशाला? घ्या.

मल्लप्पा : साहेब, त्यांच्या हातात नका देऊ!

मानसिंगराव : गप. घ्या, ईरप्पा.

(ईरप्पा धोतराचा सोगा बोटाला गुंडाळतो आणि पान हळूहळू पुसत राहतो.)

मानसिंगराव : बास. आता वाचा.

ईरप्पा : मला इंग्रजी येत न्हाय म्हनलं ना.

मानसिंगराव : इंग्रजी कोण वाचायला सांगतंय? आकडे आहेत. तीस वर्षं लूमच्या बीमवरचे नंबर कोण वाचत होतं? सिद्धेश्वराचा नंदी? वाचा.

ईरप्पा : अकरा.

मानसिंगराव : पुढं.

ईरप्पा : अकरा... येक... येकोनीसशे अट्ट्यात्तर.

मल्लप्पा : जानेवारी. दोनच महिने.

मानसिंगराव : दोन महिने आठ दिवस. मागतायत सहा महिने. म्हणजे हा पासपोर्ट असा नेला असतास तर एजंटनं दारातनंच तुला माघारी लावलं असतं, आणि तुला शेवटपर्यंत कळलं नसतं की घरात ही गोष्ट कुणाला तरी ठाऊक होती.

ईरप्पा : व्हय. ठाव हुती.

मल्लप्पा : कधीपासनं?

ईरप्पा : परवाच्या खंडेनवमीपासनं. तू सरावनात कुवेतला अर्ज धाडलास. पाट मांडताना वाटलं, बगावं तरी ह्येच्यात काय लिवलंय. आकडं दिसलं. जानेवारीत संपनार म्हनून कळलं. वाटलं, असूं दे तसंच. कुनी बगितलं न्हाय तर आपुआप संपंल. मला 'जाऊ नगंस' म्हनाय लागनार न्हाय.

मानसिंगराव : वा! दोन शब्द बोलायला लागतात म्हणून पोराच्या पोटावर पाय. बैलसुद्धा नको असेल तर मान हलवतो हो. तुम्हाला तेवढंही जमेना? तोंड काय मिलात ठेवून आलात, धोट्याबरोबर?

ईरप्पा : हवालदार, तोंडाचं तुमी नगा सांगू. तुमाला पेन्शन हाय, लेक पुन्याला हाय म्हनं. तरी ह्या लिंबाखाली रोज सकाळी येऊन बसता. कशापायी? घरात बसवत न्हाय म्हनून. भिताडासंगं बोलून बगितलंय का कवा? मी बोलतो. ह्यो गेला की दिसभर बोलतो. ह्यो आला की बोलायचं सुचत न्हाय, मंग शिव्या देतो.

मानसिंगराव : माझ्या घरचा विषय नाही इथं.

ईरप्पा : व्हय. न्हाईच.

मानसिंगराव : फॉर्म भरायचाय का नाही? ए मॅट्रिक! रडायला इथं बसू नकोस, गिऱ्हाईक पळतं माझं. ऐक नीट. मुदतवाढीचा फॉर्म आणि कुवेतचा फॉर्म, दोन्ही एकदम टाइप करून देतो. टपालानं पाठवायचा गाढवपणा करू नकोस. रातच्या गाडीनं स्वतः मुंबईला जा. सकाळी खिडकी उघडायच्या आत रांगेत उभा राहा. दहा-बारा दिवसांत दोन्ही शिक्के मिळतात. कधी कधी नाही मिळत. कारकुनानं हळदीचं विचारलं तर सांग, पूजा केली. हसेल. हसू दे. तारखेचं विचारलं तर बोट ठेवून दाखव, दिसतेय की. जास्त शहाणपणा करू नकोस.

मल्लप्पा : मुदत वाढून कधीपत्तोर मिळंल?

मानसिंगराव : अजून पाच वर्षं. त्र्याऐंशीचा जानेवारी. आणि ह्या वेळी तारीख पाठ कर, पूजा नको. आता सांग, नाव तेच, पत्ता तोच. हां, हे एक बदलावं लागेल. तिकडं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? इथं नागव्वा ईरप्पा लिहिलंय. ती तर आता तार घ्यायला येत नाही. कुणाचं नाव घालू?

मल्लप्पा : कुर्डुवाडीच्या मामाचं घाला. रेल्वेत हाय. तार लगेच पोचती.

मानसिंगराव : मामा. नाव?

मल्लप्पा : रुद्रप्पा.

ईरप्पा : घाला की. मामाचंच घाला. मी तरी कोन? मला तार आली तर मी ती ट्रंकंत टाकीन, वर भस्म लावीन.

मानसिंगराव : निदान स्वतःला ओळखता, एवढं बरं आहे. बोल रे, घालू रुद्रप्पा? एकदा बटण दाबलं की मी खाडाखोड करत नाही. खाडाखोडीचा फॉर्म साहेब फेकून देतो.

मल्लप्पा : घाला.

मानसिंगराव : घालतो. रु...

मल्लप्पा : थांबा.

मानसिंगराव : अरे, माझं बोट बटणावर आहे!

मल्लप्पा : मामाचं नको. आप्पांचं घाला.

मानसिंगराव : का? आता काय झालं?

मल्लप्पा : त्यास्नी इंग्रजी तारीख बरूबर वाचता येती.

मानसिंगराव : हं. ईरप्पा. आडनाव तेच, पत्ता तोच. झालं. इथं सही कर. दुसरीकडं पण. शाई पसरवू नकोस, घरात भस्म कमी झालंय का? चला, उठा आता. मागं तीन माणसं उभी आहेत आणि तिघांच्याही फोटोत डोळे मिटलेत. ह्या गावाचं काही होणार नाही.

मल्लप्पा : चला, आप्पा. गाडीच्या आत कपडे भरायचे हायत.

ईरप्पा : मल्ल्या.

मल्लप्पा : काय?

ईरप्पा : तुजा पाना तिकडं नेनार हायस?

मल्लप्पा : कशाला? तितं कारखान्याचे असतात की.

ईरप्पा : मंग हितंच ठिवून जा. खंडेनवमीला पाटावर काय तरी लागंल.